जुन्या डिझेल ट्रकचे इंजिन मिसिंग करते तेव्हा: दोष शोधण्याचा क्रम

मिसिंगमुळे, म्हणजे सिलिंडरमधील ज्वलन चुकत असल्यामुळे, जुन्या ट्रकचे इंजिन आयडलवर (पायाने वेग न देता, सर्वांत कमी फेऱ्यांवर) धडधडू लागले, उभ्या गाडीत केबिन हादरू लागली किंवा चढावर पूर्वीची ओढ राहिली नाही, की पहिला संशय बहुतेक वेळा इंजिनाच्या इंधन पंपावर घेतला जातो. पंप काढला जातो, दुरुस्त होऊन परत बसतो आणि इंजिन पूर्वीइतकेच धडधडत राहते, कारण दोष पंपात नसून टाकीपासून निघणाऱ्या एखाद्या चिरलेल्या रबरी नळीत किंवा एका नोझलमध्ये (डिझेल फवारणाऱ्या टोकात) असतो. या कामात खरी बचत होते ती भाग बदलण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे ठरवण्यात. त्यासाठी लागणारी अवजारे थोडीच असतात. संयम मात्र भरपूर लागतो, आणि तपासणीचा क्रम मोडायचा नसतो.

पुढील विवेचन चार किंवा सहा सिलिंडरच्या, यांत्रिक इंधन पंप असलेल्या डिझेल इंजिनापुरते आहे. अशा इंजिनात पंपापासून प्रत्येक इंजेक्टरपर्यंत, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल सोडणाऱ्या भागापर्यंत, स्वतंत्र पोलादी नळी गेलेली असते. बॉश कंपनीने १९२७ साली अशा पंपांचे कारखानदारी उत्पादन सुरू केले आणि त्यानंतरच्या अनेक दशकांत त्यांचे मूळ तत्त्व फारसे बदलले नाही, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या जुन्या ट्रकांना हीच पद्धत लागू पडते. कॉमन रेल प्रणालीच्या (सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक दाबनळीतून डिझेल देणाऱ्या) नव्या इंजिनांना मात्र ती लागू नाही, आणि पुढे दिलेली नट सैल करण्याची चाचणी तर त्या इंजिनांवर कधीही करू नये. तेथील नळ्यांमध्ये १,००० बारच्याही (बार हे दाबाचे एकक) वर जाऊ शकणारा दाब सतत कोंडलेला असतो आणि सैल झालेल्या जोडातून सुटणारी धार प्राणावर बेतू शकते.

काम सुरू करण्यापूर्वी

ट्रक सपाट जमिनीवर उभा करावा, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. केबिन उलटणारी असेल तर ती पूर्ण उलटवून तिचा आधार पक्का बसला आहे याची खात्री झाल्याशिवाय खाली वाकू नये. सैल बाह्या, उपरणे, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही फिरत्या पंख्याजवळ नसावे.

यांत्रिक पंपाच्या इंजिनातही इंजेक्टरच्या टोकातून डिझेल शेकडो बार दाबाने बाहेर पडते. बाहेर काढलेल्या इंजेक्टरसमोर किंवा गळणाऱ्या हाय प्रेशर नळीवर बोट ठेवून गळती चाचपण्याची सवय फार घातक आहे. ही धार कातडी भेदून आत शिरते, वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आतील पेशी मात्र काही तासांत सडू लागतात. असे घडल्यास दुखत नसले तरी ताबडतोब रुग्णालयात जावे आणि डिझेल दाबाने आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा. डोळ्यांवर चष्मा हवा आणि हाताशी अग्निशामक हवा, कारण सैल जोडातले डिझेल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडू शकते.

आधी विचारपूस, मग पाना

बॉनेट उघडण्यापूर्वी ट्रक चालवणाऱ्याशी शांतपणे बोलावे, कारण दोषाचा अर्धा पत्ता या बोलण्यातच मिळतो. मिसिंग अचानक सुरू झाले की हळूहळू वाढत गेले? इंजिन थंड असताना होते की तापल्यावर? आयडलवर होते की भार आल्यावर? त्याआधी कोणते काम झाले होते, फिल्टर बदलला होता का, टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली होती का, डिझेल नेहमीपेक्षा वेगळ्या ठिकाणी भरले होते का?

या उत्तरांना ठरावीक अर्थ असतात. सकाळी थंड इंजिनात मिसिंग, पांढरा धूर आणि पाच-दहा मिनिटांत सगळे सुरळीत, असे असेल तर कमी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील हवा पुरेशी दाबली न जाणे), खराब नोझल किंवा थंडीत सुरू करण्यासाठी असलेली तापक व्यवस्था यांच्याकडे वळावे. इंजिन थंड असताना ठीक आणि तापल्यावर अशक्त, असे असेल तर झिजलेल्या पंपाची शक्यता वाढते, कारण तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या प्लंजरच्या (पंपात डिझेल दाबणाऱ्या दट्ट्याच्या) कडेने मागे निसटते. आयडलवर ठीक पण चढावर दम तुटत असेल तर सहसा डिझेल किंवा हवा पुरेशी मिळत नसते. फिल्टर बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी तक्रार सुरू झाली असेल, तर फिल्टरच्या रबरी रिंगकडे आणि एअर काढण्याच्या, म्हणजे डिझेलमध्ये अडकलेली हवा बाहेर सोडण्याच्या, स्क्रूंकडे सर्वप्रथम पाहावे. शेवटच्या कामाजवळच शेवटचा दोष सापडण्याचे प्रमाण खूप असते.

ठेका ओळखणे

आता इंजिन सुरू करून केवळ ऐकावे. एकच प्रश्न या सगळ्या शोधाचे दोन भाग करतो: धक्का ठरावीक ठेक्यात येतो की कसाही?

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांमध्ये प्रत्येक सिलिंडर एकदा ज्वलन करतो. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर आयडल करत असेल तर प्रत्येक सिलिंडरची पाळी मिनिटाला ३०० वेळा, म्हणजे सेकंदाला ५ वेळा येते. एक सिलिंडर बंद पडला असेल तर सेकंदाला नेमके तेवढेच खड्डे ऐकू येतात, आणि ते कधीही चुकत नाहीत. एक्झॉस्टच्या तोंडापासून थोड्या अंतरावर तळहात धरला तर धुराच्या झोतातही तोच ठेका हाताला जाणवतो. असा नियमित ठेका असेल तर दोष एका विशिष्ट सिलिंडरशी जोडलेला आहे: त्याचे नोझल, त्याची नळी, त्याचे व्हॉल्व्ह, त्याचे कॉम्प्रेशन किंवा पंपातील त्याचा घटक.

धक्के मध्येच येत असतील, काही सेकंद इंजिन सुरळीत चालून पुन्हा अडखळत असेल, आज एक आणि उद्या दुसरा सिलिंडर चुकत असल्यासारखे वाटत असेल, तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या गोष्टीत आहे. बहुधा डिझेलमध्ये हवा किंवा पाणी आलेले असते, किंवा डिझेलचा पुरवठा तुटत असतो.

तिसराही एक प्रकार आहे, आणि नवशिके त्याला हमखास मिसिंग समजतात. इंजिनाच्या फेऱ्या दर एक-दोन सेकंदांनी सावकाश वाढतात आणि उतरतात, पण प्रत्येक ज्वलन व्यवस्थित होत असते. याला हंटिंग म्हणतात. गव्हर्नर (इंजिनाचा वेग स्थिर ठेवणारी पंपातील यंत्रणा) योग्य वेग शोधत राहतो आणि दर वेळी थोडा पुढे किंवा मागे जातो. पंपातील रॅक (डिझेलचे प्रमाण कमी-जास्त करणारी दांडी) जड चालणे, गव्हर्नरची झीज आणि डिझेलमधील हवा ही त्याची नेहमीची कारणे आहेत. यांपैकी हवेचे कारण सर्वांत सोपे असल्याने तेच आधी तपासावे. आणि सगळी ज्वलने समान असूनही केबिन हलत असेल तर इंजिनाच्या रबरी माउंटिंग पाहावीत. दबलेले किंवा फाटलेले माउंटिंग निरोगी इंजिनालाही आजारी ठरवते.

धूर काय सांगतो

काळा धूर म्हणजे असलेल्या हवेच्या मानाने डिझेल जास्त किंवा डिझेलचा फवारा जाडसर. पहिल्यांदा एअर फिल्टर काढून पाहावा. जुन्या ट्रकमध्ये एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट मिटवून गाडीचा वेग रोखणारा ब्रेक) असेल तर त्याची झडप अर्धवट मिटून अडकलेली नाही ना, हेही पाहावे. ही तपासणी बहुतेक जण विसरतात, आणि मग शक्ती कमी होण्याचे व काळ्या धुराचे खापर नोझलवर फुटते. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. नियमित ठेक्याबरोबर असा धूर येत असेल तर एका सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, हे समजावे. गोडसर वासाची पांढरी वाफ इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर शीतक सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता आहे. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे दाखवतो. आणि धूर अगदी नसतानाही एक सिलिंडर बंद असेल तर त्या सिलिंडरला डिझेलच मिळत नसावे, असा अंदाज बांधता येतो. धुरावरून निकाल देऊ नये, पण पुढची तपासणी कोठून सुरू करावी हे तो नक्की सांगतो.

टाकीपासून पंपापर्यंत

अनियमित मिसिंगची बहुतेक प्रकरणे इथे मिटतात, म्हणून या भागाला भरपूर वेळ द्यावा.

टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची) नळी ओढीवर चालते, म्हणजे तिच्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. त्यामुळे या भागात चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळे कोरडे आणि स्वच्छ दिसते आणि शोधणारा फसतो. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो, तेथील सैल जोड ओला दिसतो. हा फरक मनात पक्का ठेवला की निम्मा गोंधळ टळतो.

हवा आहे की नाही हे पाहण्यासाठी फीड पंपात येणाऱ्या नळीच्या जागी डिझेल सहन करणाऱ्या पारदर्शक नळीचा हातभर तुकडा क्लिपांनी घट्ट बसवावा आणि इंजिन चालू करून उजेडात निरखावे. सुरुवातीला काही बुडबुडे जातील, ते नळी जोडतानाचे असतात. दोन-तीन मिनिटांनंतर नळीतला प्रवाह काचेसारखा स्वच्छ दिसायला हवा. मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ थांबत नसेल, किंवा थोड्या थोड्या वेळाने एखादा मोठा फुगा सरकताना दिसत असेल आणि तो पुढे गेल्यावर काही क्षणांत इंजिन अडखळत असेल, तर हवा त्या तुकड्याच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला शिरते आहे.

यापुढची चाचणी मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. स्वच्छ डिझेल भरलेला कॅन टाकीच्या पातळीला किंवा किंचित वर पक्का बांधावा, आखूड नवी नळी त्यात सोडावी आणि फीड पंपाला ती जोडून इंजिन चालवावे. एअर काढल्यानंतर इंजिन सुरळीत झाले तर टाकी, तिच्यातील उचल नळी, जाळी आणि तिथपासूनच्या नळ्या यांखेरीज कशालाही हात लावण्याची गरज नाही. काहीच फरक पडला नाही तर हा सगळा भाग निर्दोष ठरतो. अर्ध्या तासाच्या या कामात संशयाचा मोठा प्रदेश कायमचा मिटतो.

टाकीच्या बाजूला दोष असेल तर रबरी नळ्या वाकवून पाहाव्यात. वय झालेले रबर वाकवल्यावरच चिरा दाखवते. बॅनजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर बदलावेत. फीड पंपावरील हाताने दाबायच्या प्रायमरची (हातपंपाची) मूठ पूर्ण फिरवून बंद केली आहे का ते पाहावे, कारण ती सैल राहिली तरी हवा शिरते. टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर इंजिन सुधारले, तर टाकीचे हवाछिद्र चोंदले आहे.

फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून थोडे डिझेल काचेच्या बरणीत घ्यावे आणि ती न हलवता ठेवावी. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने खाली बसते आणि दोहोंमधली रेषा स्पष्ट दिसते. त्या रेषेवर काळसर, बुळबुळीत थर आढळला तर टाकीत सूक्ष्मजीव वाढले आहेत. अशा वेळी फक्त फिल्टर बदलून भागत नाही, टाकी रिकामी करून धुवावी लागते. नवा फिल्टर बसवताना त्यात वरून न गाळलेले डिझेल ओतू नये. रिकामा फिल्टर बसवून हातपंपाने भरणे वेळखाऊ असले तरी तेच योग्य आहे, कारण फिल्टरच्या पुढे गेलेला कचरा थेट पंपात जातो.

एअर काढण्याचा क्रमही ठरलेला असतो: आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा. स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारावा, फेस संपून अखंड डिझेल येऊ लागले की हातपंप मारत असतानाच स्क्रू आवळावा. तरीही इंजिन सुरू होत नसेल तर इंजेक्टरकडील युनियन नट (नळी इंजेक्टरला जोडणारे नट) सैल करून स्टार्टर फिरवावा आणि तेथे डिझेल येताच नट आवळावेत.

कोणता सिलिंडर?

ठेका नियमित असेल तर आता तो सिलिंडर शोधायचा. सर्वांत निरुपद्रवी उपाय थंड इंजिनावर होतो. इंजिन सुरू करताच पहिल्या मिनिटात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक शाखेवर, हेडला ती जिथे जोडली जाते त्याजवळ, बोटाने पाण्याचा एकेक थेंब सोडावा. काम करणाऱ्या सिलिंडरांवरचे थेंब आकसून लवकर नाहीसे होतात आणि बंद सिलिंडरवरचा थेंब तसाच ओघळत राहतो. मॅनिफोल्ड पूर्ण तापल्यावर मात्र पाणी टाकू नये, ओतीव लोखंड तडकू शकते. दुरून तापमान मोजणारा थर्मामीटर असेल तर तो उत्तमच.

पक्की चाचणी नट सैल करण्याची. इंजिन आयडलवर ठेवून पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टरवरील हाय प्रेशर नळीच्या युनियन नटभोवती फडके ठेवावे आणि नट अर्धा ते एक फेरा सैल करावा. डिझेल तेथून बाहेर पडू लागते, दाब तयार होत नाही आणि तो सिलिंडर बंद होतो. इंजिनाचा आवाज बदलला, फेऱ्या खाली आल्या, हादरे वाढले, तर तो सिलिंडर आतापर्यंत काम करत होता. नट आवळून पुढच्या सिलिंडरकडे जावे. ज्याचा नट सैल केल्यावर काहीच फरक पडत नाही तो दोषी सिलिंडर. थोडाच फरक पडणारा सिलिंडर अर्धवट काम करतो आहे, त्याचीही नोंद ठेवावी. काही इंजिनांत इंजेक्टरकडील जोड झाकणाखाली असतो, तेथे हीच चाचणी पंपाकडच्या टोकाला करता येते.

नट सैल केल्यावर तेथून डिझेल किती येते याकडेही लक्ष द्यावे. इतर सिलिंडरांच्या मानाने ते फारच कमी येत असेल किंवा येतच नसेल, तर संशय इंजेक्टरवरून पंपाच्या त्या घटकाकडे सरकतो. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत एकाच वेळी फरक पडत नसेल तर त्या दोघांमधील हेड गॅस्केट फुटले असल्याचा तो मोठा इशारा आहे.

सिलिंडर क्रमांक बहुधा पंख्याकडून मोजतात, पण काही इंजिनांत ते फ्लायव्हीलकडून मोजले जातात, म्हणून पुस्तिका पाहावी. सहा सिलिंडरच्या सरळ रांगेतील इंजिनाचा फायरिंग क्रम बहुतेक ठिकाणी १-५-३-६-२-४ असतो, तर चार सिलिंडरच्या इंजिनाचा सामान्यतः १-३-४-२. नळ्या काढल्यास त्या जिथल्या तिथे परत लावता येतील अशी चिठ्ठी प्रत्येक नळीला बांधावी. सरळ रांगेच्या पंपात तोट्या सिलिंडरच्या क्रमानेच असतात, पण गोल वितरक पंपात त्या फायरिंगच्या क्रमाने असतात, आणि इथेच नवशिक्यांच्या हातून अदलाबदल होते.

नोझल

दोषी सिलिंडर सापडला की त्याचा इंजेक्टर काढून निरोगी सिलिंडरच्या इंजेक्टरशी अदलाबदल करावी. मिसिंग इंजेक्टरच्या मागोमाग दुसऱ्या सिलिंडरवर गेले तर दोष त्या इंजेक्टरमध्ये आहे. जिथल्या तिथे राहिले तर इंजेक्टर निर्दोष आहे. नवा भाग न आणता मिळणारे हे उत्तर आहे, म्हणून ही पायरी गाळू नये.

काढताना आजूबाजूची माती आधी पुसून व हवेने उडवून घ्यावी. इंजेक्टर बाहेर आल्यावर त्याच्या टोकाखालचा तांब्याचा वॉशर बरोबर आला आहे का, हे टॉर्चने भोकात पाहून ठरवावे. जुना वॉशर तळाशी चिकटून राहतो, वर नवा टाकला जातो, दोन वॉशरांमुळे नोझल ज्वलनकक्षापासून वर उचलले जाते आणि नवे कोरे नोझल असूनही धूर व मिसिंग कायम राहते. बैठक स्वच्छ करून एकच नवा वॉशर टाकावा. पकडीचे बोल्ट थोडे थोडे आणि समान आवळावेत, अन्यथा नोझलमधील सुई तिरकी दबून अडकते.

इंजेक्टरची खरी परीक्षा टेस्टरवर होते. बहुतेक जुन्या थेट-इंजेक्शन इंजिनांत नोझल साधारण १८० ते २५० बार दाबाला उघडते. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा. चांगले नोझल धुक्यासारखा बारीक फवारा सर्व छिद्रांतून सारखा देते, आणि उघडण्याच्या दाबापेक्षा सुमारे २० बार खाली दाब धरून ठेवला तर त्याचे टोक दहा सेकंद तरी कोरडे राहते. थेंब धरणारे नोझल दुर्लक्षित ठेवू नये. थेंबांनी सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुतले जाते, डिझेल खाली ऑइलमध्ये उतरते आणि पिस्टनचा माथाही जळू शकतो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर ट्रक चालवणे तेथेच थांबवावे.

टॅपेट

इंजेक्टर निर्दोष ठरला तर व्हॉल्व्हचे झाकण उघडावे. टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांमधील मोकळी जागा, सहसा मिलिमीटरच्या २ ते ५ दशांशांच्या आसपास असते. इनटेक आणि एक्झॉस्टची फट वेगळी असू शकते, आणि ती थंड इंजिनावर मोजायची की गरम, हे पुस्तिकेत स्पष्ट दिलेले असते. टॅपेटचा टकटक आवाज ऐकून सगळेच अस्वस्थ होतात, पण खरी काळजी आवाज न करणाऱ्या टॅपेटची करावी. व्हॉल्व्ह बैठकीत जसजसा रुतत जातो तसतशी फट कमी होते, अखेर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन निसटते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कडा जळते. आवाज मात्र काहीच येत नाही.

सहा सिलिंडरच्या वरील क्रमात १ व ६, ५ व २, ३ व ४ अशा जोड्या असतात. सहाव्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर एकाच वेळी किंचित हलत असतील, म्हणजे एक व्हॉल्व्ह मिटत आणि दुसरा उघडत असेल, तेव्हा पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले असतात आणि त्यांची फट मोजता येते. क्रँक हाताने फिरवून प्रत्येक जोडीसाठी हेच करावे. फीलर गेजची पाती किंचित अडखळत पण ओरबाडल्याशिवाय सरकली पाहिजे. लॉकनट आवळल्यावर फट पुन्हा मोजावी, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. त्याच वेळी पुशरॉड वाकलेला नाही ना आणि रॉकर आर्म सर्व व्हॉल्व्हना सारखेच दाबतात ना, हेही पाहून घ्यावे.

कॉम्प्रेशन

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेनेच डिझेल पेटते, म्हणून कॉम्प्रेशन गेले की बाकी सर्व नवे असूनही उपयोग होत नाही. गेज डिझेलसाठी बनवलेला हवा, पेट्रोल इंजिनाचा गेज या दाबाला टिकत नाही. इंजिन गरम असावे, बॅटरी पूर्ण भरलेली असावी, पंपाचे डिझेल बंद ठेवावे आणि प्रत्येक सिलिंडरसाठी स्टार्टर सारखाच वेळ फिरवावा. जुन्या थेट-इंजेक्शन इंजिनांत साधारण २० ते ३० बार आकडा मिळतो, पण एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक अधिक बोलका असतो. सगळे थोडे कमी असतील तर इंजिन थकले आहे, पण समान चालेल. एकच बराच खाली असेल तर मिसिंगचे कारण सापडले.

पेट्रोल इंजिनात कमी कॉम्प्रेशनचे कारण शोधण्यासाठी सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालतात. डिझेल इंजिनात ते करू नये. पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा इतकी थोडी असते की ऑइल दाबले न जाता कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. त्याऐवजी तो सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, क्रँक पक्का रोखून, इंजेक्टरच्या भोकातून हवा भरावी आणि ती कोठून सुटते हे ऐकावे. एअर फिल्टरच्या बाजूने फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून जोरात आली तर रिंगा किंवा पिस्टन. थंड इंजिनावर उघडलेल्या रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा तडकलेले हेड.

पंप सर्वांत शेवटी

हवा नाही, डिझेल स्वच्छ आहे, इंजेक्टर बदलून पाहिला, टॅपेट योग्य आहेत, कॉम्प्रेशन चांगले आहे आणि तरीही तोच सिलिंडर चुकतो आहे, अशा वेळीच पंपाकडे वळावे. त्या तोटीचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो, त्याची स्प्रिंग तुटलेली असू शकते किंवा प्लंजर झिजलेला अथवा चिकटलेला असू शकतो. प्लंजर आणि त्याच्या नळकांड्यामधील फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकी असते, त्यामुळे धुळीच्या जागेत, साध्या बाकावर पंप उघडणे म्हणजे दुरुस्तीऐवजी नवे नुकसान करणे होय. मापन-यंत्र असलेल्या ठिकाणीच तो द्यावा. सीलबंद स्क्रू फिरवून डिझेल वाढवल्याने मिसिंग जात नाही, फक्त धूर आणि उष्णता वाढते.

पंप काढण्यापूर्वी त्याच्या कपलिंगवर आणि बैठकीवर छिन्नीने बारीक, जुळणाऱ्या खुणा कराव्यात, म्हणजे टायमिंग (डिझेल फवारण्याची ठरलेली वेळ) हरवत नाही. कपलिंगचे बोल्ट सैल झाल्याने टायमिंग सरकलेले असेल तर ते याच वेळी लक्षात येते. टायमिंग मागे पडले की पांढरा धूर आणि मवाळ, अशक्त चाल दिसते, तर पुढे गेले की कडक, धातूवर घण पडल्यासारखा आवाज येतो. हा बदल सर्व सिलिंडरांत सारखा असतो.

पंप परत बसवून इंजिन पहिल्यांदा सुरू करताना एक माणूस एअर इनटेकपाशी जाड सपाट फळी घेऊन उभा असावा. रॅक अडकलेला राहिला तर डिझेल इंजिन कोणाच्याही नियंत्रणाशिवाय वेग घेत जाते, किल्ली बंद करून ते थांबत नाही, आणि अशा वेळी इनटेकचे तोंड फळीने झाकून हवा तोडावी लागते. त्या तोंडावर हात किंवा कापड कधीही ठेवू नये. इंजिन सुरळीत सुरू झाले तर ते पूर्ण तापेपर्यंत चालू ठेवावे, सर्व युनियन नटांखाली पुठ्ठा धरून गळती पाहावी, नट सैल करण्याची चाचणी पुन्हा एकदा सर्व सिलिंडरांवर करावी आणि मग भरलेल्या ट्रकने चढावर तपासणी करावी, कारण काही दोष रिकाम्या गाडीत दिसतच नाहीत.